कोकम, हळद आणि आतड्याच्या अस्तरातली कुलपं

मी हेब्बाळहून बोलतोय, बंगळुरूच्या उत्तर बाजूकडून.

या मालिकेत माझ्याआधी बोललेले बरेच जण आपापल्या विषयातले जाणकार होते. मी निवृत्त फौजी. पदवी विज्ञानाची आहे, पण तिला आता चाळीस वर्षं होऊन गेली. आज जे सांगणार आहे ते वाचून आणि विचारून समजून घेतलेलं आहे. विषय तुमच्या-माझ्या ताटातून थेट पोटात जाणारा आहे, म्हणून तो घेतला.

आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात एक जाहिरात चार-पाच वेळा फिरली. हळदीच्या अर्काची कॅप्सूल. खाली ठळक अक्षरांत, 'आतड्यातली चुकीची जनुकं बंद करते.' मग तशीच दुसरी, कोकमाच्या अर्काची. काही जणांनी मला विचारलं, हे थोतांड आहे का? नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं तर हे भाषण लागलंच नसतं. या दाव्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे. तेही कुठल्या परदेशात नाही, माझ्या घरापासून काही किलोमीटरवर झालेलं. ते संशोधन काय म्हणतं आणि बाटलीवरचं लेबल काय म्हणतं, यातलं अंतर मोजायचं असेल तर आधी आतड्याच्या अस्तरात काय चालतं ते पाहावं लागेल.

हे अस्तर म्हणजे पेशींचा एकेरी थर. एकाच विटेच्या जाडीची भिंत समजा. एका बाजूला अन्न, पित्त आणि असंख्य जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. मधे एवढी एकच पेशी. पुस्तकांत लिहितात की हे अस्तर पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजमाप केलं तेव्हा ते सुमारे ३२ चौरस मीटर निघालं, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहूनही थोडं कमी. तरी सांभाळायला ही सीमा काही लहान नाही.

या सीमेवर कुणीच जास्त दिवस टिकत नाही. अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूळ पेशी विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. या वर सरकण्याच्या वाटेवरच प्रत्येकीला आपलं काम ठरवायचं असतं. कुणी अन्न शोषायचं, कुणी श्लेष्मा सोडायचा. लहान आतड्यात काही पेशी खळग्याच्या तळाशीच थांबून जंतुनाशक प्रथिनं बनवतात, त्यांना पॅनेथ पेशी म्हणतात. आणि या सगळ्यांच्या पोटात डीएनए मात्र अगदी एकच. मग एकीने श्लेष्मा बनवायचा आणि दुसरीने साखर शोषायची, हे कोण ठरवतं?

फौजेत प्रत्येक कंपनीचा एक कोत असतो, हत्यारांची कोठी. आत सगळी हत्यारं असतात, पण जवानाला मिळतं ते त्याच्या ड्यूटीप्रमाणे. कुलूप उघडतं, रजिस्टरवर सही होते, हत्यार बाहेर येतं. काम झालं की ते परत आत आणि पुन्हा कुलूप. पेशीतही हत्यारं महत्त्वाची आहेतच, पण रोजचा कारभार चालतो तो कुलपांवर.

ही कुलपं कशी असतात तेही सांगतो. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटरच्या आसपास भरतो. तो पेशीकेंद्रात मावतो, कारण तो रिळांवर गुंडाळलेला असतो. ही रिळं हिस्टोन नावाच्या प्रथिनांची. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनवर धन भार, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. जनुक वाचायचं तर रीळ थोडं सैल व्हायला हवं. त्यासाठी काही एन्झाइम, म्हणजे विकरं, हिस्टोनच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटांवर 'असेटिल' नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटवतात. धन भार कमी होतो, पकड ढिली पडते, जनुक वाचता येतं. दुसऱ्या प्रकारची एन्झाइम तोच गट काढून टाकतात आणि रीळ पुन्हा आवळलं जातं. पहिल्यांना आपण 'उघडणारी' म्हणू, दुसऱ्यांना 'मिटवणारी'. शास्त्रीय नावं लांबलचक आहेत. उघडणाऱ्यांपैकी एकाचं नाव पी-३००, मिटवणाऱ्यांपैकी एकाचं एचडॅक-३. ही दोनच नावं आज लागतील.

असेटिल गटाचा आणि जनुक वाचलं जाण्याचा संबंध असावा, असं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच मांडलं होतं. पण ही कामं करणारी एन्झाइम प्रत्यक्ष हाती लागली १९९६ साली. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने डबक्यात राहणाऱ्या टेट्राहायमिना नावाच्या एकपेशीय जीवातून उघडणारं एन्झाइम ओळखलं, आणि त्याच वर्षी हार्वर्डच्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने मिटवणारं वेगळं काढलं. मधे बत्तीस वर्षं गेली.

आता आपल्या गावाकडे येऊ. हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून विमानतळाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला जीकेव्हीके, म्हणजे कृषी विद्यापीठाचं हिरवं आवार लागतं. उजवीकडे जक्कूर. तिथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे, १९८९ साली स्थापन झालेलं. विमानतळाला जाताना आपण त्याच्या बाजूने शंभरदा गेलेलो असतो आणि फाटकाकडे बघतही नाही. इथे तपस कुमार कुंडू यांनी आपली प्रयोगशाळा उभी केली. पीएच.डी. इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतली, पुढचं शिक्षण रॉकफेलरमध्ये, म्हणजे ऑलफ्री यांच्याच संस्थेत. त्यांचा प्रश्न असा होता: पी-३०० सारख्या उघडणाऱ्या एन्झाइमला अडवणारा एखादा छोटा रेणू निसर्गात सापडेल का? मिटवणाऱ्या एन्झाइमला अडवणारे रेणू तोवर बरेच माहीत होते. उघडणाऱ्यांच्या बाबतीत कपाट जवळपास रिकामं होतं.

पुढच्या दोन वर्षांत त्यांना जे सापडलं ते ऐकून कोकणातल्या माणसाने खुर्ची पुढे ओढावी. २००३ साली पहिला रेणू मिळाला काजूच्या टरफलातल्या तेलातून, ॲनाकार्डिक आम्ल. काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते याच तेलाच्या भीतीने, कारण ते लागलं की कातडी सोलवटते. २००४ साली दुसरा, गार्सिनॉल, कोकमाच्या सालीतून. म्हणजे आपल्या आमसुलाच्या सालीतून. इथे कन्नडमध्ये त्या फळाला मुरुगलु म्हणतात. आणि त्याच वर्षी तिसरा, हळदीतला कुरक्युमिन. तीन रेणू, आणि तिन्ही सिंधुदुर्ग-रत्नागिरी ते सांगली या पट्ट्यातल्या माणसाच्या ओळखीचे! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आनंद झाला, तो लपवत नाही.

गार्सिनॉलने काय केलं? परीक्षानळीत पी-३०० चं काम निम्म्यावर आणलं, आणि त्याला एका लिटरमागे सात मायक्रोमोल इतकीच मात्रा पुरली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घातलं तेव्हा त्या पेशींमधल्या अनेक जनुकांचं वाचन बदललं आणि पेशी मरू लागल्या. कुरक्युमिनला त्याच कामासाठी साधारण पंचवीस मायक्रोमोल लागले. जाहिरातवाल्याने बहुधा एवढंच वाचलं आणि पुढचं पान उलटलं नाही.

परीक्षानळीत एन्झाइम उघड्यावर असतं, औषध थेट त्याच्या अंगावर ओतलं जातं. माणसात ते तोंडातून जाऊन पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचायला हवं. जक्कूरच्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी काजूच्या त्या आम्लापासून प्रयोगशाळेत नवे रेणू घडवले, आणि गंमत म्हणजे त्यांतला एक नेमका उलटा निघाला, पी-३०० ला जोर देणारा. पण तो पेशीत शिरेना. त्याच कुळातला पुढचा रेणू उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवायला त्यांना ग्लुकोजपासून बनवलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म गोळ्यांवर तो बसवावा लागला. ते काम प्रसिद्ध झालं २०१३ साली. काजूच्या टरफलापासून उंदराच्या मेंदूपर्यंत दहा वर्षं. ज्यांनी शोध लावला त्यांना इतकी यातायात, आणि बाटलीवाला म्हणतो सकाळी एक, रात्री एक.

आता हळदीचा हिशेब मांडू. हा मला फार उपयोगी वाटतो. कुरक्युमिन तोंडाने घेतलं तर रक्तात जेमतेम पोहोचतं, आतडं आणि यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावतात. पण आतड्याच्या अस्तराची गोष्ट वेगळी, कारण ते वाटेतच आहे. इंग्लंडमध्ये लेस्टर इथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी सात दिवस रोज ३.६ ग्रॅम कुरक्युमिन दिलं गेलं. २००५ साली निष्कर्ष आले. रक्तात नाममात्र सापडलं, पण अस्तराच्या निरोगी भागात दर ग्रॅममागे जवळपास १३ नॅनोमोल. परीक्षानळीच्या भाषेत ढोबळमानाने १३ मायक्रोमोल, म्हणजे पी-३०० ला निम्म्यावर आणायला जितकं लागलं त्याच्या अर्धं. तेव्हा शरीरात कुठे या कुरक्युमिनची एन्झाइमशी गाठ पडण्याची शक्यता असेल तर ती इथेच, अस्तरात. मेंदूत नाही, गुडघ्यात नाही.

पण ३.६ ग्रॅम कुरक्युमिन म्हणजे किती हळद? आपल्या हळदीत कुरक्युमिन शेकडा तीनच्या आसपास धरा. मग रोज १२० ग्रॅम हळद. आमच्या घरी महिन्याला तेवढी लागत नाही. फोडणीतल्या चिमूटभर हळदीने आतड्यातली कुलपं फिरतात असं म्हणणाऱ्याने एवढा गुणाकार करून पाहावा. आणि कुरक्युमिनबद्दल एक तक्रार रसायनशास्त्रज्ञच करतात. हा रेणू अस्थिर आहे आणि प्रयोगात दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे बऱ्याच चाचण्यांत तो खोटाच पास होतो.

मग अन्नातून या एन्झाइमपर्यंत काहीच पोहोचत नाही का? पोहोचतं, आणि भरपूर पोहोचतं. फक्त त्याची कॅप्सूल नसते आणि त्याला वासही चांगला नसतो.

भाकरीचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचा चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं एक छोटं आम्ल तयार होतं. खवट लोण्याचा वास येतो ना, तो याच आम्लाचा. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सुमारे सत्तर टक्के ऊर्जा त्यावरच भागवतात. बाकीचं शरीर रक्तातून मिळणाऱ्या इंधनावर जगतं आणि ही सीमेवरची पलटण जिवाणूंच्या लंगरात जेवते.

ब्युटिरेट नुसतं इंधन नाही. १९७७-७८ सालीच लक्षात आलं होतं की ते मिटवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. म्हणजे रिळं सैल राहतात. आता इथे एक कोडं पडतं. जक्कूरचे रेणू उघडणाऱ्याला अडवतात आणि ब्युटिरेट मिटवणाऱ्याला अडवतं, म्हणजे दोघांची दिशा उलटी. तरी जाहिरातीत दोन्हींचं वर्णन एकच, 'चुकीची जनुकं बंद करते'. एकाच कॅप्सूलमध्ये दोन्ही घातलेलीही मी पाहिली आहेत! वाईट जनुकं म्हणून वेगळा कप्पा नसतो. त्याच एन्झाइमने एका पेशीत एका वेळी जे उघडणं योग्य, तेच दुसऱ्या वेळी घातक ठरतं. खळग्याच्या तळाशी पेशी विभागायलाच हवी, आणि वर पोहोचल्यावर थांबायलाच हवी. या दोन्हींसाठी एकच 'चांगली' गोळी कशी असेल?

ब्युटिरेटचंच बघा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्कॉट बल्टमन यांच्या गटाने २०१२ साली दाखवलं की निरोगी पेशी ब्युटिरेट जाळते. त्यातून असेटिल गटांचा कच्चा माल तयार होतो, म्हणजे उघडणाऱ्या एन्झाइमलाच रसद मिळते. कर्करोगाची पेशी मात्र साखरेवर भागवते, ब्युटिरेट जाळत नाही. ते तिच्या केंद्रात साठतं, मिटवणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि तिची वाढ थांबते. तोच पदार्थ, तेच अस्तर, पण कोणाच्या हाती पडला त्यावर परिणाम. शिवाय २०१६ साली आणखी एक गोष्ट कळली. तळाच्या मूळ पेशींना ब्युटिरेट सोसत नाही, त्यांचं विभाजन मंदावतं. वरच्या पेशी ते खाऊन टाकतात म्हणून तळापर्यंत फारसं पोहोचत नाही. अस्तराला खळग्यांचा आकार आहे, त्याचा एक फायदा हाही.

आता एचडॅक-३ कडे येतो. हा आजच्या विषयाचा गाभा आहे. २०१३ साली थेरेसा अलेनघाट आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या फक्त आतड्याच्या अस्तरात एचडॅक-३ नव्हतं. पॅनेथ पेशी घटल्या, भिंत गळकी झाली, आतड्याला इजा लगेच होऊ लागली. दाहक आतड्यांच्या रोगाचे माणसांतले नमुने पाहिले तर त्यांच्या अस्तरातही एचडॅक-३ कमी. इथवर सरळ आहे, एन्झाइम गेलं म्हणून बिघाड झाला. पण त्यांनी तेच उंदीर पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले. एन्झाइम नाहीच, जिवाणूही नाहीत. आणि भिंत बऱ्याच अंशी सावरली! म्हणजे या एन्झाइमचं तिथलं मोठं काम जिवाणूंबरोबरचा शेजार निभावण्याचं आहे. शेजारच नसेल तर त्या पहाऱ्याची गरजही उरत नाही.

या एन्झाइमला घड्याळही आहे. टेक्सासमधल्या लोरा हूपर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की लहान आतड्यात जिवाणूंमुळे एचडॅक-३ वाढतं आणि चरबी शोषण्याची जनुकं त्याच्या हाताखाली दिवस-रात्रीच्या तालाने चढ-उतार करतात. हेही उंदरांतच. एवढं सांगून पुढे जातो.

२०२० सालचा शोध मला सर्वांत आवडतो, कारण त्यात सगळ्यांचा अंदाज चुकला. ब्युटिरेट मिटवणाऱ्याला अडवतं, आणि जिवाणू ब्युटिरेट बनवतात. मग जिवाणू असलेल्या आतड्यात एचडॅक-३ चं काम कमी असायला हवं. अलेनघाट यांच्याच गटाने मोजलं, तर नेमकं उलट. जिवाणू असलेल्या उंदरांच्या अस्तरात ते पुष्कळ जास्त! शोध घेतला तेव्हा कारण सापडलं फायटेटमध्ये. धान्यांच्या कोंड्यात, डाळींत, तिळात फायटेट असतं. आहारतज्ज्ञ त्याला नावं ठेवतात, कारण ते लोह आणि जस्त धरून बसतं. म्हणूनच तर आपल्याकडे नाचणीला मोड आणायची, डाळ भिजत घालायची पद्धत उपयोगी ठरते. पण जे फायटेट आतड्यात खाली उतरतं ते ई. कोलाय आणि इतर जिवाणू फोडतात, आणि त्यातून निघणारा एक तुकडा एचडॅक-३ ला चालना देतो. इजा झालेल्या उंदरांना फायटेट खाऊ घातलं तर अस्तर लवकर भरून आलं. माणसाच्या आतड्यातून घेतलेल्या ऊतकापासून वाढवलेले छोटे गोळे त्या तुकड्याने वाढले. ब्युटिरेट जिथे वाढ रोखत होतं तिथे त्याने ती पुन्हा सुरू केली.

म्हणजे एकाच कोंड्यातून जिवाणू दोन हुकूम काढतात. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो डागडुजी कर. एचडॅक-३ दोन्ही ऐकतं आणि त्या घडीला भिंतीला काय हवं ते तिथे ठरतं. जीकेव्हीकेच्या आवारातून कित्येक वर्षं नाचणी-वरीसारख्या भरडधान्यांच्या देशभरच्या संशोधनाचं समन्वयन झालं, आणि रस्त्याच्या पलीकडे जक्कूरला या एन्झाइमांवर काम झालं. मधे फक्त बल्लारी रोड.

हे सगळं मी का वाचत बसलो, तेही सांगतो. माझ्याबरोबर नोकरी केलेले एक सुभेदारसाहेब, साताऱ्याकडचे. त्यांना बरीच वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. मेसालामिनच्या गोळ्यांवर ठीक चाललं होतं. मग कुणीतरी त्यांना 'जनुकं सुधारणारी' कॅप्सूल दिली. ते मला फोनवर म्हणाले, "सर, आपली हळद असताना रसायन कशाला खायचं?" आणि गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत रक्त पडायला लागलं, वजन नऊ किलो उतरलं, शेवटी दवाखान्यात दाखल. शिरेतून स्टेरॉइड द्यावं लागलं. आता बरे आहेत. पण त्या आठ-दहा दिवसांत वहिनींचं तोंड मी पाहिलं आहे.

त्यांना नंतर जे दाखवलं ते तुम्हालाही सांगतो. कुरक्युमिनच्या या आजारावर खऱ्या चाचण्या झाल्या आहेत. २०१५ साली इस्रायल आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ५० रुग्णांवर केली. निम्म्यांना महिनाभर रोज ३ ग्रॅम कुरक्युमिन. त्या २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या २४ पैकी एकाचाही नाही. उत्साह वाटावा असाच निकाल. पण नीट वाचा: सगळ्यांची मेसालामिन चालूच होती. कुरक्युमिन तिच्या जोडीला होतं, तिच्या जागी नाही. दुसरी चाचणी आपल्या दिल्लीच्या एम्सची, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली. ६२ रुग्ण, मेसालामिन चालू, आणि रोज ४५० मिलिग्रॅम कुरक्युमिन आठ आठवडे. काही फरक पडला नाही. सुभेदारसाहेबांच्या बाटलीवर मात्रा होती ५०० मिलिग्रॅम, म्हणजे एम्सने जिथे फरक नाही असं सांगितलं त्याच्या आसपास.

मग मात्रा वाढवावी का? आपल्या मनाने नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ साली हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती दिली. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण होती, जी असल्याचं त्यांना आधी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. तो कुरक्युमिनला यकृताच्या तावडीतून सोडवून रक्तात चढवण्यासाठी घालतात. बाटलीवर ते 'वीसपट शोषण' म्हणून मिरवलं जातं. जे शरीर मुद्दाम बाहेर ठेवत होतं ते आपण आत ढकलतो आहोत, हे त्यात लिहिलेलं नसतं. आमटीतल्या हळदीला कुणी घाबरायचं कारण नाही. प्रश्न अर्काचा आणि ग्रॅमचा आहे.

उंदीर पुष्कळ झाले, आता माणसं. स्टीफन ओकीफ या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी २०१५ साली केलेला प्रयोग मला फार पटला. वीस आफ्रिकी-अमेरिकी माणसं आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातली वीस माणसं. दोन आठवडे ताटांची अदलाबदल. अमेरिकेतल्यांचा तंतुमय भाग रोज १४ ग्रॅमवरून ५५ वर नेला आणि चरबी कमी केली. खेड्यातल्यांचा ६६ वरून १२ वर आणला आणि चरबी वाढवली. आधी आणि नंतर दुर्बीण घालून अस्तराचे तुकडे तपासले. चौदा दिवसांत अमेरिकेतल्यांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, अस्तरातल्या पेशींचं अतिरिक्त विभाजन आणि दाह उतरला. खेड्यातल्यांमध्ये दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही आणि जातही नाही, पण अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, त्यामुळे चौदा दिवस म्हणजे तीन पिढ्या. ते इतक्या लवकर बदलताना डोळ्यांनी दिसलं.

भाषणाआधी आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

बेळगावहून एका ताईंनी विचारलंय, कोलायटिस असेल तर मग रोज ज्वारी-बाजरीची भाकरी सुरू करावी का? आजार शांत असताना हळूहळू, डॉक्टरांना विचारून. आजार भडकलेला असताना नाही. तेव्हा व्रण असतात, चोथा टोचतो, पोट फुगतं आणि बरेचदा डॉक्टर उलट चोथा कमी करायला सांगतात. मिटवणारं एन्झाइम वाढवण्याच्या नादात त्या दिवसांत भरडधान्य रेटू नका.

इंदूरचे एक काका विचारतात, सोलकढीतून गार्सिनॉल मिळतं का? काका, गार्सिनॉल सालीत असतं आणि पाण्यात फारसं उतरत नाही. आगळात जे आंबट आणि लाल उतरतं ते दुसरंच काही, आंबटपणा एका वेगळ्या आम्लाचा आणि रंग वेगळ्या द्रव्यांचा. सोलकढी प्या, जेवणानंतर प्या, नारळाचं दूध ताजं असेल तर दोन वाट्या प्या. पी-३०० ला त्याचा पत्ता लागणार नाही.

जय हिंद.